मेन्साची टेस्ट, १४२ आणि १२६ : नक्की कुठला आकडा धरायचा?

दादा, तुमचा प्रश्न सकाळीच वाचला होता, पण घाईत दोन ओळी लिहिल्या असत्या तर गोंधळ अजून वाढला असता म्हणून आत्ता रात्री निवांत बसून लिहितेय. ज्यांनी मूळ प्रश्न वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मुलगी बारा वर्षांची, सातवीत, सेमी इंग्लिशला. सहा महिन्यांपूर्वी एका काउन्सेलरकडे रीतसर टेस्ट झाली त्यात आयक्यू १२६ आला, आणि गेल्या आठवड्यात तिने मोबाईलवर एक टेस्ट दिली त्यात १४२. मेन्साला, म्हणजे खूप वरचा आयक्यू असलेल्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेत सभासद व्हायला, १३० लागतात असं तुम्ही कुठेतरी वाचलंत. आता तुम्हाला विचारायचंय की यातला खरा आकडा कुठला, ती पात्र होईल का, आणि तयारीला कुठलं पुस्तक घ्यायचं किंवा कुठला क्लास लावायचा.

मी गेली एकोणीस वर्षं मुलांच्या आणि मोठ्या माणसांच्या बुद्धिमापन चाचण्या घेते. मेन्साशी माझा कामाचा संबंध नाही, पण तिथे जायचं म्हणून आधी माझ्याकडे आलेली किंवा तिथून निकाल घेऊन मग माझ्याकडे आलेली बरीच घरं बघितलीत. त्यामुळे जे सांगते ते त्या अनुभवातून.

सगळ्यात आधी, आयक्यूचा आकडा हा किलो किंवा सेंटीमीटरसारखा नसतो. चाचणीत मुलाने जे कच्चे गुण मिळवले ते त्याच वयाच्या बाकीच्या मुलांच्या शेजारी ठेवायचे आणि रांगेत हा कितव्या जागी उभा आहे ते बघायचं, एवढंच ते काम. मग ती जागा सांगायला १०० ही मधली खूण ठरवली आणि त्याच्या वर-खाली किती अंतरावर किती मुलं पसरलीत त्याचं एक माप ठरवलं, त्याला स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणतात. हे माप प्रत्येक चाचणीत सारखं नाही, आणि सगळा घोळ इथेच होतो. वेक्स्लरच्या चाचण्यांमध्ये ते १५ आहे, स्टॅनफर्ड-बिनेच्या जुन्या आवृत्तीत १६ होतं, आणि ब्रिटनमध्ये मेन्साने वर्षानुवर्षं वापरलेल्या कॅटेल थ्री बी या चाचणीत २४.

मेन्साची अट मुळात १३० ची नाहीच. अट आहे ९८ पर्सेंटाइलची, म्हणजे मान्यताप्राप्त आणि देखरेखीखाली घेतलेल्या चाचणीत वरच्या २ टक्क्यांत येणं. पन्नास जणांत साधारण एक. आता हीच जागा वेक्स्लरच्या पट्टीवर १३०-१३१ च्या आसपास येते, १६ वाल्या पट्टीवर १३२-१३३, आणि कॅटेल थ्री बीच्या पट्टीवर १४८. माणूस तोच, रांगेतली जागा तीच, आकडे तीन.

आता तुमच्या मुलीचे दोन आकडे घ्या. १४२ म्हणजे १०० च्या वर ४२. मोबाईलवरच्या टेस्टने जर २४ ची पट्टी वापरली असेल तर ४२ भागिले २४ म्हणजे १.७५. तेवढंच अंतर १५ च्या पट्टीवर मोजलं तर १५ गुणिले १.७५, म्हणजे २६. शंभर अधिक सव्वीस, १२६! तुम्ही ज्या दोन आकड्यांमुळे आठवडाभर झोप घालवलीत ते दोन्ही एकच गोष्ट सांगत असू शकतात, की शंभर मुलींत ती साधारण शहाण्णवाव्या पायरीवर आहे. मी 'असू शकतात' म्हणतेय, कारण मोबाईलच्या टेस्टने कुठली पट्टी वापरली ते बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. शिवाय तिथे खरी अडचण पट्टीच्याही आधीची असते. कोणाच्या शेजारी ठेवून मोजलं? रीतसर चाचणी बनवताना शहर-खेडं, वेगवेगळ्या शाळा, वेगवेगळी वयं असे नमुने निवडून शेकडो-हजारो लोकांवर ती आधी घेतात आणि त्यावरून नॉर्म्स म्हणजे मानकं बसवतात. नेटवरच्या टेस्टला ज्यांना कोड्यांची आवड आहे तेच लोक येतात, कोणी मधेच सोडतं, कोणी तिसऱ्यांदा देतं, शेजारी भाऊ बसून उत्तरं सांगतो, आणि काही ठिकाणी तर शेवटी सर्टिफिकेटचे पैसे मागतात. त्यातून आलेला आकडा प्रवेशाला कुठेच चालत नाही. खुद्द मेन्साच्या साइटवर सरावासाठी जी कोडी ठेवलेली असतात तीसुद्धा पात्रतेसाठी धरत नाहीत. तेव्हा १४२ बाजूला ठेवा. मुलीला मजा आली ना, तेवढं पुरे.

राहिला १२६. यात मला तुमच्याकडून एक माहिती हवी आहे जी तुम्ही लिहिली नाहीत, आणि खरं तर दहातले नऊ पालक लिहीत नाहीत: चाचणीचं नाव काय? आपल्याकडे मुलांसाठी मुख्यतः तीन चाचण्या दिसतात आणि तिन्हींतला १२६ वेगवेगळा वाचावा लागतो.

पहिली बिने-कामत. १९०५ साली पॅरिसमध्ये बिने आणि सिमोन यांनी जी मूळ चाचणी केली तिचं डॉ. कामतांनी १९३० च्या दशकात कानडी आणि मराठी मुलांसाठी रूपांतर केलं, त्यामुळे आपल्या भाषेशी तिचं नातं जुनं आहे. तिच्यात मानसिक वय काढतात, त्याला खऱ्या वयाने भागतात आणि शंभरने गुणतात. नऊ वर्षांच्या मुलाने बारा वर्षांच्या मुलाएवढं केलं तर १३३. समजायला सोपं आहे पण हा गुणोत्तराचा आकडा आहे, रांगेतल्या जागेचा नाही, आणि वयाप्रमाणे त्याचा पसारा बदलतो. म्हणून त्यावरून पर्सेंटाइल सांगायला मी धजावत नाही. गतिमंदत्वाच्या तपासणीत ती अजून खूप वापरतात, तिथे तिचा उपयोगही आहे, पण वरच्या टोकाला २ टक्क्यांची रेघ मारायला ती बनलेली नाही.

दुसरी मालिन यांची चाचणी, जिला आम्ही सगळे मिसिक म्हणतो. नागपूरच्या डॉ. आर्थर मालिन यांनी १९६९ मध्ये वेक्स्लरच्या चाचणीवरून भारतीय मुलांसाठी केलेली, सहा ते पंधरा वयोगटासाठी, मराठीतूनही घेता येते. चांगलं काम आहे, मी स्वतः त्यावरच शिकले. पण मानकं त्या काळातली. जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं की अनेक देशांत पिढीगणिक चाचण्यांतले गुण वाढत जातात, दर दहा वर्षांना साधारण ३ गुण असा तो अंदाज. म्हणजे मानकं जुनी असली की आजच्या मुलाचा आकडा फुगलेला दिसतो. तुमच्या मुलीचा १२६ मिसिकचा असेल तर आजच्या मुलांच्या रांगेत तो थोडा खाली सरकायची शक्यता मी मनात धरेन.

तिसरी म्हणजे वेक्स्लरच्या मुलांच्या चाचणीची भारतीय आवृत्ती, विस्क फोर. यात दहा मुख्य उपचाचण्या आणि त्यातून चार इंडेक्स निघतात: भाषिक आकलन, आकृत्यांवरचं तर्क, कार्यरत स्मृती आणि प्रक्रियेचा वेग. तुमचा आकडा यातला असेल तर मात्र मला एकूण १२६ पेक्षा ते चार आकडे जास्त महत्त्वाचे वाटतात. कारण मी वारंवार बघते, विचाराला अतिशय तल्लख मुलं पेन्सिल हातात घेऊन भराभर खुणा करायच्या कामात मागे राहतात. कोणी नीटनेटकं करायचं म्हणून हळू असतं, कोणी प्रत्येक उत्तर दोनदा तपासतं. मग भाषा १३५, आकृत्या १३४, आणि वेग १०२, असं काहीसं येतं आणि एकूण आकडा खाली ओढला जातो. अशा वेळी नुसत्या एकूण आकड्यावरून 'ही नाही बसणार' म्हणणं चूक. उलट सगळे चार इंडेक्स १२० ते १२६ च्या दरम्यान सपाट असतील तर चित्र वेगळं. हे रिपोर्ट बघितल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही, मीपण नाही.

आणि कुठलीही चाचणी असो, आकड्याच्या दोन्ही बाजूंना थोडी जागा सोडायची. विस्कसारख्या उत्तम चाचणीतसुद्धा पाच-सहा गुण इकडेतिकडे धरावेच लागतात. १२६ म्हणजे साधारण १२० ते १३२ मध्ये कुठेतरी. म्हणजे मेन्साची रेघ त्या पट्ट्याच्या आत आहे, पण वरच्या टोकाला. सरळ सांगायचं तर पात्र होणं शक्य आहे, खात्रीचं अजिबात नाही, आणि मला पैज लावायला सांगितली तर न होण्याच्या बाजूला थोडं जास्त वजन आहे. हे तुम्हाला नाउमेद करायला लिहीत नाहीये. रेघेजवळच्या मुलांचा निकाल त्या दिवशीची झोप, चाचणीचा प्रकार, एखाद्या प्रश्नावर किती वेळ गेला यावर फिरतो, हे तुम्ही आत्ताच मनाशी बाळगलं तर पुढचं सगळं सोपं जाईल.

प्रकारावरून आठवलं, मेन्साच्या चाचण्या बऱ्याच देशांत आकृत्यांच्या, भाषेशिवायच्या असतात. सेमी इंग्लिश किंवा मराठी माध्यमाच्या मुलांना याचा फायदाच होतो कारण इंग्रजी शब्दसंपत्तीवर गुण जात नाहीत. अशा चाचण्यांचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण म्हणजे रेव्हन्स मॅट्रिसेस, १९३८ ची, पाच संच, प्रत्येकात बारा, एकूण साठ नक्षी, प्रत्येकीतला एक तुकडा कापलेला आणि खाली पर्याय दिलेले. तुमची मुलगी गप्पांमध्ये, वाचनात, शब्दांत हुशार असेल आणि आकृत्यांत तेवढी रमत नसेल तर अशा चाचणीत तिची अर्धी ताकद दिसणारच नाही. आकृत्यांत रमणारी असेल तर १२६ च्याही वर जाऊ शकते. म्हणून पुन्हा तेच, ते चार आकडे बघा.

आता तयारी. इथे मला जरा सविस्तर लिहायचंय कारण आपल्या महाराष्ट्रात या प्रश्नाला वेगळा संदर्भ आहे. आपल्याकडे बुद्धिमत्ता चाचणी म्हटलं की डोळ्यासमोर शिष्यवृत्ती परीक्षा येते. दुसऱ्या पेपरात बुद्धिमत्ता चाचणीचे पन्नास प्रश्न, अंकमालिका, सांकेतिक भाषा, आरशातली प्रतिमा, वेन आकृत्या, आणि गाईडं घेऊन वर्षभर जादा तास. मुलं त्यात घोटून घोटून तयार होतात आणि ते योग्यच आहे, कारण ती स्पर्धा परीक्षा आहे, मेहनत केली की गुण वाढावेत हाच तिचा हेतू. तुमची मुलगी पाचवीत असताना शिष्यवृत्तीला बसली होती का ते लिहिलं नाहीत, बसली असेल तर मालिका आणि आकृत्यांची तिला ओळख आधीच आहे.

पण मेन्साची किंवा काउन्सेलरकडची चाचणी तशी नसते. तिची मानकं अशा लोकांवर बसवलेली असतात ज्यांनी तो प्रश्नप्रकार फारसा कधी बघितलेला नव्हता. तुमची मुलगी तीन महिने क्लासला जाऊन बसली तर तिची तुलना न शिकलेल्यांशी होणार, म्हणजे मोजायला गेलो बुद्धी आणि मोजला सराव. त्यातून रेघ ओलांडलीच तर हातात कार्ड येईल, पण तुम्हाला जे कळून घ्यायचं होतं ते कळणार नाही. माझ्याकडे असा एक मुलगा आला होता, चौदा वर्षांचा, आई-वडिलांनी कुठून तरी रेव्हन्सचीच नक्कल मिळवून त्याच्याकडून चार वेळा सोडवून घेतली होती. पहिल्या दहा मिनिटांत माझ्या लक्षात आलं, कारण तो नक्षीकडे बघतच नव्हता, सरळ पर्यायाकडे बोट नेत होता. मला ती चाचणी रद्द करावी लागली. तो मुलगा रडायला लागला की पप्पांनी सांगितलं म्हणून केलं. खरंच हुशार मुलगा होता, आणि त्याची ती चाचणी पुढे काही वर्षं तरी वापरता येणार नव्हती.

म्हणून मी एवढंच करायला सांगते: एक-दोन संध्याकाळी अशा प्रकारची दहा-बारा आकृत्यांची कोडी तिच्यासोबत बसून सोडवा. उद्देश फक्त ओळख. घड्याळ लावलेलं असलं की कसं वाटतं, अडलं तर सोडून पुढे कसं जायचं, उत्तरपत्रिकेत गोल कसा भरायचा. पहिल्यांदाच बघितल्यामुळे बावरून जे गुण जातात ते यातून वाचतात, आणि यापलीकडे पुस्तक, क्लास, काही नको.

त्यापेक्षा डोळे तपासून घ्या. हसू नका, मनापासून सांगतेय. सातारा भागातल्या एका शाळेत चाचण्या घेताना एक मुलगी आकृत्यांमध्ये फारच मागे आली, भाषेत मात्र अव्वल. मला काही ते पटेना म्हणून फळ्यावरचं वाचायला सांगितलं तर तिला मधल्या बाकावरून अक्षरं दिसत नव्हती, आणि तपासणीत कळलं की जवळचं बारीकही नीट दिसत नव्हतं. चष्मा लागला, वर्षभराने दुसरी चाचणी घेतली, आकृत्या भाषेच्या बरोबरीला आल्या. बारीक रेघा आणि ठिपक्यांचा खेळ असतो हा. बाकी नेहमीचंच: आदल्या रात्री झोप, सर्दी-ताप असेल तर तारीख पुढे ढकलणं, आणि सकाळच्या बसने चार तास प्रवास करून तडक चाचणीला बसवणं टाळणं. केंद्र दुसऱ्या शहरात असेल तर आदल्या दिवशी मावशीकडे, आत्याकडे कुठेतरी मुक्कामाला जा.

जुना रिपोर्ट चालतो का असं खाली एकाने विचारलंय. प्रत्येक देशाची मेन्सा आपापले नियम ठरवते. अमेरिकेतली मेन्सा काही जुन्या परीक्षांचे गुणसुद्धा धरते, उदाहरणार्थ जानेवारी १९९४ पर्यंतच्या सॅटचे, म्हणजे तिथल्या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेचे, त्यानंतरचे नाही कारण परीक्षेचं स्वरूप बदललं. तुम्ही तिकीट काढायच्या आधी भारतातल्या मेन्साला ईमेल करून वयाची अट, जवळचं केंद्र, आणि परत बसायचं झाल्यास मध्ये किती काळ जावा लागतो, हे तीन प्रश्न लेखी विचारून घ्या.

आता तुम्ही विचारलं नाहीत पण मला विचारायचंय. मेन्सा कशासाठी? मेन्सा १९४६ मध्ये ऑक्सफर्डला रोलंड बेरिल आणि लान्सलॉट वेअर या दोघांनी सुरू केली. लॅटिनमध्ये मेन्सा म्हणजे टेबल, सगळे एका टेबलाभोवती समान बसणार, जात-पात, देश, राजकारण मधे आणणार नाहीत, ही कल्पना. आजही ती मुळात तेवढीच आहे, एकत्र जमणं, गप्पा, कोडी, खेळ, काही ठिकाणी हुशार पण गरीब मुलांसाठी काम. कॉलेजला त्याने प्रवेश मिळत नाही, नोकरीला कोणी विचारत नाही. याहून कडक अटीच्या संस्थाही आहेत, १ टक्क्यावाली इंटरटेल, हजारात एकवाली ट्रिपल नाइन, पण एवढ्या वरच्या टोकाला चाचण्यांची अचूकता इतकी कमी होते की मुलांच्या बाबतीत मी त्या वाटेला जाऊच देत नाही.

तरी मेन्साचा खरा उपयोग झालेला मी बघितलाय. एक सरकारी नोकरीतले गृहस्थ, एक्केचाळीस वर्षांचे, तालुक्याच्या गावात राहणारे. आयुष्यभर त्यांना वाटायचं आपल्याला जे सुचतं ते आजूबाजूला कोणाला बोलता येत नाही, आपल्यातच काही बिघडलंय. ते पात्र झाले, महिन्यातून एकदा पुण्याला जाऊन बसायला लागले आणि मला म्हणाले, मॅडम, आता वाक्य अर्धं सोडलं तरी समोरचा पुरं करतो. त्यांना त्या कार्डाची नाही, त्या माणसांची गरज होती. तुमच्या मुलीला जर वर्गात एकटं पडल्यासारखं वाटत असेल, तिच्या प्रश्नांना सोबत मिळत नसेल, तर प्रयत्न जरूर करा. सोबत हवी असेल तर दुसऱ्याही जागा आहेत, बुद्धिबळाचा क्लब, गणित ऑलिंपियाडवाली मुलं, आकाश निरीक्षणाचे गट. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी १९६२ पासून अशा मुलांसाठी काम करतेय. यातल्या बऱ्याच ठिकाणी ९८ वी पायरी लागत नाही.

आणि एक गोष्ट चाचणीच्या आधी ठरवा, निकालाच्या दिवशी ठरवायची नसते ती. काही ठिकाणी मेन्सा फक्त पात्र की अपात्र एवढंच कळवते, आकडासुद्धा देत नाही. 'अपात्र' आलं तर तुम्ही घरी काय बोलणार? माझी स्वतःची एक चूक अजून सलते. सुरुवातीच्या वर्षांत एका मुलीचा १२८ आला आणि मी तिच्या समोरच वडिलांना सांगितलं की मेन्साला थोडक्यात कमी पडतंय. ती अकरा वर्षांची, घरी रोज नवीन कोडी बनवून वडिलांना घालणारी. दोन महिन्यांनी तिची आई आली, म्हणाली तिने कोड्यांची वही माळ्यावर टाकली, म्हणते मी त्यातली नाहीये. शंभरात सत्त्याण्णवाव्या पायरीवरची मुलगी ती! तेव्हापासून मी मुलासमोर आकडा बोलत नाही, आणि पालकांनाही लेखी देते ते समजावून मगच देते.

तिला जायचंय की तुम्हाला, हे एकदा तिला एकटीला विचारा, आजोबा-आजी, क्लासचे सर कोणी जवळ नसताना. तिला स्वतःला उत्सुकता असेल तर घेऊन जा, बाहेर आल्यावर 'किती सुटले' विचारू नका, कुठलं कोडं आवडलं ते विचारा आणि भेळ खायला न्या.

तोवर काउन्सेलरकडून पूर्ण रिपोर्ट मागून घ्या, नुसता आकडा लिहिलेली चिठ्ठी नको. त्यावर चाचणीचं नाव, आवृत्ती, तारीख, पर्सेंटाइल आणि उपचाचण्यांचे गुण असायला हवेत. पालक म्हणून तो मागणं तुमचा हक्क आहे, संकोच करू नका. मिळाला की तिचं नाव आणि जन्मतारीख झाकून फक्त ते आकडे इथे टाका, विस्क असेल तर चारही इंडेक्स, मिसिक असेल तर भाषिक आणि कृतीचे दोन वेगळे. मी बघून सांगते की आकृत्यांच्या चाचणीला तिला बसवण्यात अर्थ आहे की एक-दोन वर्षं थांबलेलं बरं.